ओपीडीत सामाजिक अडचणी विचारायच्या असतील तर फॉर्म कसा असावा?

प्रश्न थोडक्यात असा: उपजिल्हा रुग्णालयात मेडिसिनची ओपीडी चालवणाऱ्या एका डॉक्टरांना रुग्णांच्या खाण्यापिण्याच्या, राहण्याच्या, प्रवासाच्या, घरातल्या मारहाणीच्या अडचणी ठरवून विचारायला सुरुवात करायची आहे. अमेरिकेत वापरतात तसा वीसेक प्रश्नांचा फॉर्म त्यांनी मराठीत करून घेतला. सिस्टर म्हणतात वेळ नाही, सहकारी म्हणतात विचारून करणार काय, आणि रुग्ण खरं सांगत नाहीत. पुढे काय करावं?

डॉक्टर, मी समाजसेवा अधीक्षक म्हणून सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, त्यामुळे माझं उत्तर त्या टेबलावरून आलेलं आहे असं समजा. तुमच्या तीन तक्रारींपैकी शेवटची आधी घेते, कारण बाकीच्या दोन तिच्यातूनच सुटतात.

रुग्ण खरं का सांगत नाहीत? तुमच्या फॉर्मचा तिसरा प्रश्न पाहा: "कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती?" चौथा रेशनकार्डाचा रंग. आपल्या माणसाला दवाखान्यात हे दोन प्रश्न कधी विचारतात ते पक्कं माहीत आहे. फी माफ करायची की नाही, पुअर बॉक्समधून, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, औषध द्यायचं की नाही, पूर्वी फुले जनआरोग्य योजनेत नाव बसतं का, धर्मादाय रुग्णालयातली खाट मिळते का, हे ठरवताना. म्हणजे उत्तरावर पैसे अवलंबून असतात, आणि ज्या उत्तरावर पैसे अवलंबून असतात ते उत्तर शिक्क्याला जुळेल असंच येतं. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५० रुपयांत घर चालवणारं कुटुंब तुम्ही पाहिलंय का? मीही नाही. पण तेवढाच आकडा लिहिलेले दाखले पोत्याने सापडतील. त्यात माणसाची लबाडी शोधू नका, मर्यादाच तशी ठेवली आहे.

याच प्रश्नाला उलट बाजूने चुकीचं उत्तर देणारेही असतात. निवृत्त शिक्षकाची विधवा, गिरणीतून सुटलेले आजोबा, पांढरपेशा घरातली सून. "सगळं व्यवस्थित आहे हो," असं म्हणून ही मंडळी रकाना बंद करतात. अब्रूचा प्रश्न असतो. यांच्याच घरात बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते.

म्हणून पहिली दुरुस्ती ही की पात्रता तपासणं आणि गरज विचारणं ही दोन वेगळी कामं दोन वेगळ्या टेबलांवर न्या. तुमच्या फॉर्ममधून उत्पन्न, कार्डाचा रंग, जात, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं काढून टाका. ते नंतर आरोग्यमित्राला (फुले योजनेचं काम रुग्णालयात बघणाऱ्याला) किंवा समाजसेवा विभागाला लागेल तेव्हा ते विचारतील, आणि तेव्हा रुग्णालाही ठाऊक असेल की हे कशासाठी चाललंय. ओपीडीत फक्त उपचाराला चिकटलेले प्रश्न ठेवा. गोळीबद्दल विचारलं की माणूस मोकळेपणाने बोलतो, गरिबीबद्दल विचारलं की सावध होतो.

मी ठेवले असते ते प्रश्न असे. आज इथवर कसे आलात, घरून किती वाजता निघालात, जाऊन-येऊन किती पडतात? आजची मजुरी बुडाली का? सकाळी पहिलं खाणं किती वाजता आणि काय? गेल्या महिन्यात घरातलं धान्य संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं कधी झालं का? गोळ्या कोण देतं, आणि रात्री बरं वाटेनासं झालं तर कोणाला हाक मारता? पुढच्या तीन महिन्यांत याच गावात असाल का? आणि शेवटी, न चुकता: यातल्या कशात आम्ही काही करावं असं तुम्हाला वाटतं का? शेवटचा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतोच. अडचण आहे म्हणणारा प्रत्येक जण तुमच्याकडून मदत मागतोच असं नाही. एखाद्याला भावाकडून उसने घेणं परवडतं, पण त्याचं नाव दवाखान्याच्या वहीत नको असतं. त्याला तो हक्क आहे.

आता "विचारून करणार काय?" याकडे येते. सहकाऱ्यांचा समज असा की सामाजिक अडचण सापडली की योजना शोधायची, योजना मिळाली नाही तर हात वर करायचे. पण या उत्तरांचा निम्म्याहून जास्त उपयोग कुठल्याही योजनेशिवाय, तुमच्याच पेनाने होतो.

मजूर सहा वाजता नुसता चहा घेऊन कामावर जातो आणि भाकरी अकराला खातो. तुम्ही ग्लिमेपिराइड "सकाळी नाश्त्यापूर्वी" लिहिली आहे. नाश्ता नाहीच. दहा वाजता त्याला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि चार दिवसांनी तो गोळी स्वतःच बंद करून टाकतो. पुढच्या वेळी साखर तीनशे दिसते, तुम्ही डोस वाढवता. इथे लागणारा बदल एका ओळीचा आहे: गोळीची वेळ पहिल्या खऱ्या जेवणाला बांधायची, किंवा औषधच बदलायचं. हृदयविकाराच्या बाईला लघवीची गोळी सकाळी दिली आहे, आणि तपासणीला येताना तिला एसटीत दोन तास बसायचं असतं, वाटेत संडास नाही. ती त्या दिवशी गोळी घेत नाही, शिवाय आदल्या दिवशीही पाणी तोडते. तुम्ही पायाची सूज बघून "पथ्य पाळत नाही" असं लिहिता. इन्शुलिनवाल्याच्या घरी फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्याची पद्धत दाखवून द्या, शेजाऱ्याच्या फ्रीजवर त्याला अवलंबून ठेवू नका. शेजारी कधी गावाला जाईल सांगता येत नाही.

"याच गावात असाल का" हा प्रश्न मराठवाड्यात तर सगळ्यात आधी विचारावा. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, आणि एक खाडा पडला तरी दंड. अशा बाईला "एक महिन्याने दाखवा" असं लिहून देणं म्हणजे उपचार थांबवणंच आहे. तिला निघण्याआधी शक्य तितक्या दिवसांचं औषध द्या, कुठल्या कारखान्यावर जाणार ते विचारून त्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी द्या, आणि टीबी असेल तर निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, तिची नोंद तिकडे हलवा. रेशनचंही सांगा. एक देश एक रेशनकार्डची सुरुवात २०१९ मध्ये ज्या पहिल्या राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र होता, पण फडावरच्या पालात हे पोचलेलं नसतं, आणि पोचलं तरी दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणून परत पाठवतो. पाठवलं तर कोणाला फोन करायचा, तो नंबर चिठ्ठीवर असू द्या.

बुडीत मजुरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण डॉक्टर मंडळींच्या हिशेबातून ती नेहमी सुटते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण रुग्णाचा खर्च केसपेपरचा नव्हताच. खर्च प्रवासाचा, सोबत आलेल्याच्या जेवणाचा आणि दोघांच्या बुडालेल्या दिवसाचा. मेळघाटात कुपोषित मूल दवाखान्यात ठेवायचं तर आईची मजुरी जाते, घरची बाकीची पोरं उघडी पडतात, म्हणून ती चौथ्या दिवशी मूल उचलून निघून जाते. आदिवासी भागात सरकारने बुडीत मजुरी द्यायची तरतूद केली ती याच कारणाने. तुमच्याकडे तशी तरतूद नसेल, पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. रक्त, एक्स-रे आणि तपासणी एकाच दिवशी उरकणं. आणि तारीख बाजारच्या दिवशी देणं, कारण त्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच. डायलिसिसच्या रुग्णाला साध्या एसटीत मोफत प्रवास आहे, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. पण शेवटची एसटी पाचला असेल आणि डायलिसिसची पाळी सहाला संपत असेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय? पाळी बदला. हे काम तंत्रज्ञाशी पाच मिनिटं बोलून होतं.

टीबीच्या बाबतीत मात्र नुसत्या पेनाने भागत नाही, तिथे अन्न हेच औषध आहे, आणि हे आता पुराव्याने सांगता येतं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने केलेला 'राशन्स' अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा त्यात पाठपुरावा होता. निम्म्या घरांत फक्त रुग्णाला शिधा, उरलेल्या घरांत सगळ्यांना: माणशी महिना ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. सगळ्यांना शिधा मिळालेल्या घरांत टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकी-तपासणीत पक्क्या ठरलेल्या फुप्फुसाच्या, म्हणजे पसरणाऱ्या टीबीचं सुमारे ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी होते.

म्हणून टीबीच्या रुग्णाला माझे प्रश्न वेगळे असतात. "पोषण योजनेचा लाभ घेता का?" असं विचारलं की तो हो म्हणतो. मी विचारते, "शेवटचे पैसे खात्यात कधी आले, मेसेज दाखवा बघू." निक्षय पोषण योजनेचे एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण ते थेट खात्यात जातात, आणि इथे जनधनचं खातं झोपलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं, किंवा खातं मुलाच्या नावावर असतं आणि मुलगा पुण्याला. दुसरा प्रश्न: "एका चुलीवर किती जण जेवता?" रुग्णाला दिलेली अंडी आणि शेंगदाणे पोरांच्या ताटात जाणार, हे कुठल्याही आईकडे बघून कळतं. त्याबद्दल तिला बोलू नका. उलट निक्षय मित्र, म्हणजे टीबी रुग्णाला शिधा देणारा दाता, शोधताना, गावातल्या पतसंस्थेला किंवा गणेश मंडळाला विचारताना, एका माणसाचा शिधा न मागता पूर्ण घराचा मागा. अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. नव्या सुनेचं, नातवाचं नाव चढलेलं नसेल तर ते चढवून घेणं हा पुरवठा कार्यालयातला एक हेलपाटा आहे, पण त्याचा फायदा दर महिन्याला होतो.

घरातल्या मारहाणीचा प्रश्न मात्र तुमच्या फॉर्मवरून आजच काढून टाका. रांगेत, नवऱ्याच्या किंवा सासूच्या देखत, "घरी सुरक्षित वाटते का? हो / नाही" हे विचारणं निरुपयोगी तर आहेच, त्या बाईला धोक्यात घालणारंही आहे. आपल्याकडे केसपेपर रुग्णाच्या हातात असतो, म्हणजे तो घरी जातो आणि घरात वाचला जातो. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० मध्ये मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच असं केंद्र असण्याचा तो देशातला पहिला प्रयत्न होता, आणि पुढे तो मुंबईच्या इतर महापालिका रुग्णालयांत गेला. तिथल्या कामावरून शिकण्यासारखं हे की सरसकट फॉर्मपेक्षा खुणा ओळखणारी सिस्टर जास्त बायकांपर्यंत पोचते. चुकून औषध प्यायले, स्टोव्हचा भडका उडाला, जिन्यावरून पडले, पुन्हा पुन्हा अंगदुखी आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल, गरोदरपणात पोटाला लागलेलं. अशा वेळी वजन घ्यायला किंवा ईसीजी काढायला बाईला आत न्या, सोबतच्याला बाहेर बसवा, आणि साधं विचारा: "हे कोणी केलं का?" नोंद रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये ठेवा, केसपेपरवर फक्त तुमच्यातली ठरलेली खूण करा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात रुग्णालयाने उपचार नाकारू नयेत हे स्पष्ट आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा आणि जिल्ह्याच्या सखी केंद्राचा (अत्याचारग्रस्त बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचा) नंबर प्रत्येक सिस्टरला पाठ हवा, १८१ ही महिला हेल्पलाइन तर हवीच. आणि बाई "आज नको" म्हणाली तर तिला पुढे ढकलू नका. पुन्हा यायचं दार उघडं राहिलं एवढं पुरे.

वेळेचं म्हणाल, तर दीडशेच्या ओपीडीत सगळ्यांना विचारायचंच नाही. नवीन टीबी, इन्शुलिनवरचे, साखर दोन महिने आटोक्यात न येणारे, डायलिसिसवाले, जोखमीच्या गरोदर बाया, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा दाखल झालेले, आणि डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, जायला निघालेले. डामाच्या सहीआधी तर विचारलंच पाहिजे. "उपचार नको" म्हणणाऱ्याच्या मागे बऱ्याचदा घरी बांधलेली गुरं असतात किंवा एकटी राहिलेली पोर असते, आणि कधीकधी शेजाऱ्याला केलेल्या एका फोनने तो माणूस थांबतो.

विचारायचं कोणी? तुम्ही नाही. उपजिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचं पद असेल-नसेल, भरलेलं असेल-नसेल. पण आयसीटीसीचे, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राचे, समुपदेशक आहेत, आणि अवघडलेल्या माणसाशी अवघड विषय बोलायची सवय पूर्ण इमारतीत त्यांच्याइतकी कोणाला नाही. त्यांच्याकडून इतरांना शिकवून घ्या, पण काम सगळं त्यांच्यावरच लोटू नका. बीपी-वजनाच्या टेबलावर चार प्रश्न होतात. टीबीसाठी एसटीएस (टीबीच्या उपचारांवर देखरेख ठेवणारा पर्यवेक्षक) आहे, गावात आशाताई आहेत. आशाताईंना सांगताना मात्र रुग्णाला आधी विचारा; त्या त्याच गावच्या असतात, आणि काहींना नेमकं तेच नको असतं.

फॉर्मपेक्षा एक वही आधी तयार करा, असं मी सांगेन. त्यात तीन भाग. आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं: परतीचं भाडं, सोबतच्याचं जेवण, गावातलं शिवभोजन केंद्र चालू असेल तर त्याचा पत्ता, महागडं औषध साठ्यातून. आठवडा-पंधरवड्याचं: खातं-आधार, रेशनवर नाव, फुले योजनेचं कार्ड. महिन्यांचं: निराधारचं अनुदान, दिव्यांग प्रमाणपत्र. निराधार योजनेत टीबी, कर्करोग यांसारख्या दुर्धर आजाराचे रुग्णही बसतात हे तलाठ्याला सांगावं लागतं, म्हणून ती ओळ वहीत ठळक लिहा. प्रत्येक नोंदीपुढे माणसाचं नाव, नंबर आणि शेवटचा फोन कधी लावला ती तारीख. सहा महिन्यांपूर्वीचा नंबर म्हणजे नंबर नाही. वहीत ज्याचं उत्तर नाही तो प्रश्न तूर्त फॉर्मवर ठेवू नका. घराच्या भाड्याबद्दल तुम्ही काहीच करू शकत नसाल, तर रुग्णाला त्याबद्दल बोलतं करून परत पाठवू नका.

मोठ्या रुग्णालयाला पाठवताना याची कसोटी लागते. "मुंबईला न्या" हे दोन शब्द झाले, पण रात्री सोबतचा माणूस झोपणार कुठे? परळच्या पदपथावर झोपणारे कर्करोगाचे रुग्ण कोणी तरी असंच "मुंबईला न्या" म्हणून पाठवलेले असतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांचे नंबर वहीत हवेत, आणि जागा आहे का हे निघण्याआधी विचारायला हवं. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. पण तिथल्या समाजसेवा विभागाला आधी फोन गेला, आणि कागद सोबत दिले, तर तो रुग्ण पहिल्या दिवशी खाटेवर जातो. नाहीतर आठवडाभर झेरॉक्स काढत हिंडतो.

अमेरिकेचा फॉर्म तुम्ही घेतलात म्हणून तिकडचंही थोडं. रुग्णालयात समाजसेवक नेमायची पद्धत १९०५ मध्ये बॉस्टनला डॉ. रिचर्ड कॅबट यांनी सुरू केली, आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिली नेमणूक झाली. म्हणजे कल्पना नवी नाही, नवा आहे तो सरसकट फॉर्म. तिकडच्या केंद्रीय मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यंत्रणेने २०२४ पासून दाखल प्रौढ रुग्णांना अन्न, घर, प्रवास, वीज-पाणी आणि सुरक्षितता या पाच गोष्टी विचारल्या का, हे कळवणं रुग्णालयांना सक्तीचं केलं, आणि २०२५ मध्ये ते मागेही घेतलं. मोजलं काय जात होतं, तर किती जणांना विचारलं आणि किती जणांना अडचण निघाली. पुढे त्यांचं काय झालं ते त्या आकड्यात नव्हतंच. आपल्याकडे तर रकाने भरण्याची हौस जास्त. जिल्ह्याच्या बैठकीत "१०० टक्के स्क्रीनिंग" असा आकडा एकदा गेला की पुढच्या महिन्यात तो सगळ्यांकडून मागतील, आणि मग फॉर्म ओपीडी संपल्यावर एकाच पेनाने भरले जातील. वर कळवायचंच असेल तर एवढंच कळवा: किती जणांनी मदत मागितली, आणि महिन्याने त्यातल्या किती जणांना ती मिळाली.

सुरुवात टीबी आणि इन्शुलिन या दोनच गटांपासून करा. दर शनिवारी ओपीडीनंतर अर्धा तास समुपदेशक, एसटीएस, एक सिस्टर आणि तुम्ही वही घेऊन बसा, न सुटलेल्या नोंदी वाचा आणि प्रत्येकीपुढे कोण फोन करणार त्याचं नाव लिहा. वैद्यकीय अधीक्षकांकडून पुअर बॉक्समधली छोटी रक्कम भाड्यासाठी आधीच मंजूर करून घ्या, दर वेळी टिपणी फिरवावी लागली तर शेवटची एसटी निघून जाते.